गंजलेलं जहाज हलवत का नाहीत?

प्रश्न : ताई, दक्षिण चीन समुद्राचा निकाल २०१६ लाच फिलिपिन्सच्या बाजूने लागलाय ना, मग चीन अजून त्यांच्या बोटींवर पाण्याचे फवारे का मारतो? आणि खडकावर रुतलेलं ते गंजकं जहाज फिलिपिन्सवाले हलवत का नाहीत? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : निकाल लागलाय, खरंय. १२ जुलै २०१६ ला हेगच्या लवादाने स्पष्ट सांगितलं की नकाशावर नऊ तुकड्यांची रेघ ओढून चीन तिच्या आतल्या समुद्रातल्या मासळीवर, तेलावर जो ऐतिहासिक हक्क सांगतो त्याला कायद्याचा आधार नाही. पण चीन सुनावणीलाच गेला नाही, निकालही मानत नाही, आणि लवादाकडे ना पोलीस ना नेव्ही, मग अंमलबजावणी करणार कोण?

आता ते जहाज, सिएरा माद्रे. दुसऱ्या महायुद्धातलं आहे. १९९५ ला चीनने मिसचीफ रीफ हा प्रवाळ खडक बळकावला, तसं पुन्हा होऊ नये म्हणून १९९९ ला फिलिपिन्सने हे शेजारच्या सेकंड थॉमस शोल या उथळ खडकावर मुद्दाम रुतवलं. पत्रा सडलाय, भोकं पडलीत, तरी मूठभर मरीन्स त्यावर राहतात आणि नेव्हीच्या दप्तरी ते आजही सेवेतलं जहाज आहे, सगळी मेख इथेच आहे बघा, कारण त्यावर हल्ला झाला तर १९५१ चा अमेरिकेसोबतचा संरक्षण करार लागू होऊ शकतो. म्हणून चीन जहाजाला हात लावत नाही, रसद नेणाऱ्या बोटी अडवतो. १७ जून २०२४ ला तर चीनचे कोस्ट गार्डवाले सुरे-कुऱ्हाडी घेऊन रबरी बोटींवर चालून आले, त्या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा गेला. पण गोळी सुटली नाही, म्हणजे युद्ध नाही! पुढच्याच महिन्यात रसदीपुरती समजूत झाली, पण ती तात्पुरती.

आपलं ब्राह्मोस फिलिपिन्सने घेतलंय, पहिली खेप एप्रिल २०२४ ला पोचली, मोठ्या युद्धनौकांना त्याचा धाक राहीलच, पण पाण्याच्या फवाऱ्यावर क्षेपणास्त्र कुणी डागत नाही.

मला जास्त लागतं ते फिलिपिनो मच्छीमारांचं. स्कारबरो शोल या दुसऱ्या वादग्रस्त खडकावर २०१२ पासून चीनचा पहारा आहे, जिथे त्यांचे बापजादे मासेमारी करायचे तिथून त्यांना हुसकावतात. खडक कुणाच्या मालकीचा यावर लवाद काहीच बोलला नाही, पण दोन्हीकडच्या मच्छीमारांचा तिथला पारंपरिक हक्क मान्य केला, त्यामुळे मालकीचा वाद चालू ठेवूनही त्यांना आत सोडता येतं, आणि माझ्या मते बोलणी तिथूनच सुरू व्हायला हवीत.