आठ लाख मुलं जातात कुठे?

प्रश्न: नणंदेने घरच्या ग्रुपवर टाकलंय की अमेरिकेत दरवर्षी ८ लाख मुलं गायब होतात, ती बड्या लोकांची टोळी पळवते आणि सरकार ते दाबतं. सोबत सरकारी अहवालाचा फोटो आहे. मला पटत नाही, पण आकडा सरकारी म्हटल्यावर बोलणार काय?

उत्तर: ताई, आकडा खोटा म्हणू नका, तिथेच हराल. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. खरा आकडा चुकीच्या जागी लावलेला असला की तो खोट्याहून जास्त छळतो.

हा आकडा अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २००२ च्या अहवालातला, म्हणजे १९९९ च्या पाहणीतला. हरवल्याची तक्रार गेलेली मुलं ७,९७,५००. त्यातली सुमारे ३,५७,६०० स्वतः पळालेली किंवा घरच्यांनीच बाहेर काढलेली. आणि ३,४०,५०० मुलांना काहीच झालं नव्हतं! मुलगी शाळेतून परस्पर मैत्रिणीकडे गेली, निरोप पोचला नाही, आईने घाबरून पोलिसांना फोन केला. आठ वाजता मुलगी दारात. रात्री ती घरी जेवली, तरी आठ लाखांत मोजली गेलीच.

नणंदबाईंच्या डोळ्यांपुढे जे आहे, म्हणजे परक्याने किंवा जेमतेम ओळखीच्याने उचलून नेणं, डांबणं, खंडणी, खून, त्याचा त्याच पाहणीतला अंदाज ११५. त्यातली काही मुलं जिवानिशी गेली, म्हणून 'फक्त' हा शब्द मी लावणार नाही.

सरकार दाबतं म्हणे! अहो, मग फोटो कुठल्या अहवालाचा?

जुलै २०२० मध्ये तर कहर झाला. वेफेअर या फर्निचर कंपनीच्या महागड्या कपाटांना मुलींची नावं होती. लोकांनी ती हरवलेल्या मुलींच्या नावांशी जुळवली आणि कपाटातून मुली विकतात अशी आवई उठवली. एवढ्या मोठ्या यादीत कुठलंही नाव सापडणारच, हे माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरालाही कळलं असतं. त्यातल्या एका मुलीला स्वतः व्हिडिओवर येऊन सांगावं लागलं की मी हरवलेली नाही. मानवी तस्करीच्या हेल्पलाइनवर मात्र कपाटांबद्दलच्या फोनची रीघ लागली. तिथे खरोखर अडकलेली मुलगी फोन करत असेल तर?

नणंदेशी वाद घालू नका. फोटो छान आलाय म्हणा, आणि त्याच तक्त्याच्या खालच्या ओळी मागा.