मोल्सवर्थ या आडनावाचा अर्थ आणि त्याचे विरळपण

आपण विचारले आहे की ज्यांच्या नावाने मराठीतला सर्वांत मोठा जुना शब्दकोश ओळखला जातो त्या मोल्सवर्थांच्या आडनावाचा अर्थ काय, ते इंग्लंडमध्ये कितपत प्रचलित आहे, आणि ‘मोल’ म्हणजे किंमत व ‘वर्थ’ म्हणजेही किंमत हा योगायोग आहे की त्यामागे काही आहे. हा निव्वळ योगायोग आहे. मराठी ‘मोल’ संस्कृत ‘मूल्य’ या शब्दापासून आला आहे, आणि या आडनावातला ‘वर्थ’ हा लायकी किंवा किंमत सांगणारा इंग्रजी शब्दच नव्हे. इंग्रजी बोलणारे लोक या नावात जमीन पोखरणारा ‘मोल’ नावाचा प्राणी पाहतात. तोही तिथे नाही.

हे आडनाव एका गावाचे आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडील हंटिंग्डनशर या जुन्या परगण्यात, हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला, मोल्सवर्थ नावाचे लहानसे खेडे आहे. १९७४ सालच्या फेररचनेनंतर ते केंब्रिजशरमध्ये मोडते. इंग्लंड जिंकणारा राजा, विजेता विल्यम, याने १०८६ साली जमीनमहसुलाची जी मोठी नोंदवही करवून घेतली, त्या डोम्सडे बुकात या गावाचे नाव ‘मोलेस्वोर्दे’ अशा रूपात आले आहे. या नावाची फोड तीन भागांत होते. पहिला भाग ‘मूल’ हे माणसाचे नाव, दुसरा ‘एस’ हा षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे आपला ‘चा-ची-चे’, आणि तिसरा ‘वोर्थ’, म्हणजे कुंपण घातलेली वस्ती. मराठी वाचकाला हा तिसरा भाग समजावून सांगायला ‘वाडी’ याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही, कारण ज्या संस्कृत ‘वाट’ शब्दाकडे वाडी-वाड्याचे मूळ जाते त्याचाही अर्थ कुंपणाने वेढलेली जागा असाच आहे. सावंतांची ती सावंतवाडी, तशी मूलची ती मोल्सवर्थ. लंडनमधील वँड्सवर्थ हे नावही वेंडेल नावाच्या माणसाच्या वस्तीवरून असेच पडलेले आहे.

हा मूल कोण होता, हे विचारण्यात अर्थ नाही. तो नोंदींच्या पलीकडचा माणूस आहे. हे नाव मात्र त्या काळी खरोखर ठेवले जात होते. वेसेक्स आणि केंट ही इंग्लंडमधली जुनी राज्ये; वेसेक्सचा राजा कॅडवाला याचा भाऊ मूल हा केंटच्या गादीवर बसला होता आणि ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारले, अशी नोंद जुन्या इंग्रजी बखरीत आहे. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ खेचर, आणि त्यावरून मिश्र कुळातला माणूस असाही तो घेतला जाई. मराठी ‘मूल’ शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण तो आवरावा.

प्राण्याचा अर्थ का टिकत नाही हेही सांगणे जरूर आहे, कारण संकेतस्थळांवर तोच अर्थ ठामपणे सांगितलेला आढळतो. प्राण्यासाठी ‘मोल’ हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या सुमारास रुळला. त्याआधी त्या प्राण्याचे नाव निराळे होते. गावाचे नाव १०८६ सालीच लिहिलेले असल्यामुळे तीनशे वर्षांनी आलेला शब्द त्यात शिरू शकत नाही. मग ‘मूल’चा ‘मोल’ कसा झाला? याचे उत्तर मला लेखनिकांच्या लेखणीत दिसते. मध्ययुगीन हस्ताक्षरात एम, एन आणि यू ही तिन्ही अक्षरे सारख्याच उभ्या दांड्यांनी काढली जात, त्यामुळे ‘मु’ लिहिले की नुसत्या पाच दांड्या एका ओळीत उभ्या राहात आणि अक्षर कोठे संपले ते कळत नसे. म्हणून लेखनिक अशा जागी यू टाळून ओ लिहीत. ‘सन’ म्हणजे मुलगा, ‘मंक’ म्हणजे साधू, ‘कम’ म्हणजे ये, या इंग्रजी शब्दांत आजही उच्चार वेगळा आणि अक्षर ओ आहे, ते त्याच सवयीमुळे. मोल्सवर्थच्या बाबतीत फरक इतकाच की माझ्या समजुतीप्रमाणे इथे लेखनाच्या मागोमाग उच्चारही बदलला.

गावाचे नाव माणसाला चिकटते ते त्याने गाव सोडल्यावर. चिपळुणात सगळेच चिपळूणचे असतात, तिथे कोणाला चिपळूणकर म्हणून ओळखता येत नाही. पुण्यात आल्यावर मात्र त्या नावाने माणूस वेगळा काढता येतो. इंग्लंडमध्ये ‘कर’ या प्रत्ययाच्या जागी फ्रेंच ‘द’ हा शब्द नावाआधी लागे, ‘वॉल्टर द मोल्सवर्थ’ असा, आणि पुढे आडनावे वंशपरंपरेने चालू लागली तसा तो गळून पडला आणि नुसते गावाचे नाव शिल्लक राहिले. याच प्रक्रियेत या आडनावाच्या विरळपणाचे कारण आहे. लोहार गावोगाव होते, म्हणून स्मिथ हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले. मोल्सवर्थ हे गाव एकच, तेही लहान. त्यातून बाहेर पडून हे नाव धारण करणारे लोक मूठभरच असणार. तरीही सगळे मोल्सवर्थ एकाच रक्ताचे, असे म्हणता येत नाही, कारण एकाच खेड्यातून वेगवेगळ्या पिढ्यांत दोन असंबद्ध माणसेही बाहेर पडू शकतात. चेशरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचे आणखी एक गाव आहे, त्याचा उगम टेकडी या अर्थाच्या शब्दात आहे. जुन्या नोंदी चाळताना या दोन नावांची सरमिसळ होणार नाही याची काळजी घ्यावी.

विरळ असूनही हे नाव कानावर येते, ते दोन घराण्यांमुळे. एक कॉर्नवॉलमधील पेनकॅरो येथील. त्यातले सर विल्यम मोल्सवर्थ हे १८५५ साली वसाहतमंत्री झाले आणि त्याच वर्षी वारले. तत्त्वज्ञ हॉब्ज याच्या समग्र ग्रंथांचे त्यांनी केलेले संपादन अभ्यासक अजून वापरतात. दुसरे घराणे आयर्लंडमधील. रॉबर्ट मोल्सवर्थ यांना १७१६ साली व्हायकाउंट ही पदवी मिळाली, आणि डब्लिनमधील मोल्सवर्थ स्ट्रीट त्याच घराण्याच्या नावाने आहे. भारतीय वाचकांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे: गिल्फर्ड मोल्सवर्थ हे रेल्वे अभियंते आधी सिलोनच्या रेल्वेवर होते आणि १८७१ पासून भारत सरकारचे सल्लागार अभियंता होते.

आपले मोल्सवर्थ म्हणजे जेम्स टॉमस. १७९५ साली जन्मलेला हा माणूस १८१२ मध्ये कंपनीच्या लष्करात दाखल झाला, मराठी शिकला आणि मराठी पंडितांच्या व जॉर्ज आणि टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने त्याने १८३१ साली कोश प्रसिद्ध केला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या सुमारे ६०,००० वर गेली. शब्द लोकांच्या तोंडी ऐकून तपासून घ्यायचा, हा त्या कोशाचा कणा आहे, आणि म्हणूनच त्यांच्या आडनावाचा अर्थ केवळ नादावरून लावला जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

या आडनावाचे ‘कुलचिन्ह’ विकणाऱ्या संकेतस्थळावर पैसे देऊ नका. इंग्लंडच्या रिवाजानुसार असे चिन्ह विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिलेले असते, आडनावाला नव्हे. हे नाव मराठीत कसे लिहावे, हेही आपण विचारले होते. इंग्रजी उच्चार ‘मोल्झवर्थ’ याच्या जवळ जातो, परंतु मराठी ग्रंथांत ‘मोल्सवर्थ’ हेच रूप रुळलेले असल्यामुळे लेखनात तेच ठेवावे. ‘मोलस्वर्थ’ लिहिल्याने षष्ठीचा ‘स’ तुटून ‘वर्थ’ला जाऊन चिकटतो आणि मूलची वाडी दिसेनाशी होते.