निवटीचे नातेगोते

प्रश्न : आमच्या खाडीत ओहोटीच्या वेळी निवट्या चिखलावर उड्या मारताना दिसतात. या गोबी गटातील माशांचे नातेसंबंध तंतुकणिकांमधील (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म घटक) डीएनएवरून ठरवतात, असे वाचनात आले. पेशीच्या केंद्रकात कितीतरी अधिक डीएनए असताना एवढासा अंश का निवडतात? त्यावर कितपत विसंबावे?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : गोबी गटात दोन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतील बहुतेक मासे लहान असून, आकार घटताना अनेक वंशांमध्ये खवले, हाडे, पार्श्वरेषा (पाण्यातील हालचाल जाणणारी अंगावरची रेषा) यांसारखी लक्षणे स्वतंत्रपणे लोपली आहेत. त्यामुळे केवळ शरीररचनेवरून नाते जोडणारा अभ्यासक सहज फसतो.

तंतुकणिकेचा डीएनए येथे उपयोगी पडतो, कारण एका पेशीत त्याच्या असंख्य प्रती असतात आणि माशाच्या पराच्या (पंखाच्या) चिमूटभर ऊतीवरूनही तो वाचता येतो. पृष्ठवंशीय प्राण्यांत तो साधारण सोळा-सतरा हजार बेस-जोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचा), वर्तुळाकार असतो. त्यात ३७ जनुके असतात : प्रथिनांची १३, आणि प्रथिने बनवण्यास मदत करणाऱ्या रेणूंपैकी टी-आरएनएची २२ व आर-आरएनएची २. बहुतेक माशांत त्यांचा क्रमही सारखाच असल्याने दोन जातींतील जनुके समोरासमोर ठेवून तपासणे सोपे जाते. शिवाय प्राण्यांत तो केंद्रकातील डीएनएपेक्षा सहसा वेगाने बदलतो, म्हणून जवळच्या जातीही वेगळ्या ओळखता येतात.

अशा अभ्यासांनी जुनी वर्गवारी बरीच हलवली. पूर्वी निवट्यांसह बहुतेक गोबी ‘गोबिइडी’ या एकाच कुलात मोडत. आता निवट्या ‘ऑक्सुडर्सिडी’ या वेगळ्या कुलात ठेवल्या जातात. मला सर्वांत रंजक वाटते ते याच्या पुढचे. चिखलात बिळे करून राहणारे, वामेसारखे लांबट आणि अगदी बारीक डोळ्यांचे गोबी वंशवृक्षात निवट्यांच्या शाखांमध्येच येऊन बसतात. उंचावरच्या डोळ्यांनी चौफेर पाहणारी निवटी आणि हा जवळजवळ आंधळा मासा इतके जवळचे असतील, हे नुसते पाहून कोणी म्हटले नसते.

विसंबण्याबाबत मात्र जपून राहावे. हा डीएनए आईकडूनच येतो आणि एकसंधपणे, म्हणजे वडिलांच्या डीएनएशी सरमिसळ न होता, येतो. त्यामुळे त्यातील १३ प्रथिन-जनुके म्हणजे तेरा साक्षीदार नव्हेत, साक्षीदार एकच असतो. पूर्वी कधी दोन जातींचा संकर झाला असेल, तर एका जातीच्या अंगात दुसरीच्या मातृवंशाचा डीएनए सापडू शकतो. फार जुनी नाती शोधताना आणखी एक अडचण येते : एकाच जागी पुन:पुन्हा बदल होऊन आधीच्या खुणा पुसल्या जातात. म्हणून केंद्रकातील जनुकांची साक्षही घ्यावी लागते. निवटी जमिनीवर कशी तगते, हा प्रश्न तर मुख्यतः केंद्रकालाच विचारावा लागतो. २०१४ मध्ये चार जातींच्या निवट्यांचे संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाले, तेव्हा पाण्याबाहेर अंगात साचू शकणारा विषारी अमोनिया शरीराबाहेर टाकण्याशी संबंधित जनुकांत नैसर्गिक निवडीच्या खुणा आढळल्या.

आपल्याकडची ‘बोलिओफ्थॅल्मस दुसुमिएरी’ ही निवटी इराणच्या आखातातही आढळते. तिचे शास्त्रीय वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ वालांसियेन यांनी १८३७ मध्ये मुंबईच्या नमुन्यांवरून केले. त्यामुळे आखातातील निवटी खरोखर याच जातीची आहे का, हे डीएनएवरून तपासायचे झाल्यास तुलनेसाठी मुंबई परिसरातील खाड्यांचे नमुने हवेत.