एकांकिका स्पर्धेला देण्याआधी कॉपीराइट नोंदवायलाच हवा का? आणि त्यासाठी एजंटाला आठ हजार द्यावेत का?

एजंटाला आठ हजार देऊ नका. सरकारी फी ५०० रुपये आहे आणि अर्ज घरी बसून भरता येतो.

नोंदवायलाच हवा का, तर कायद्यानं सक्ती नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही संहिता लिहून काढलीत तेव्हाच हक्क तुमचा झाला. मुंबई उच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलंय की नोंदणी नसली तरी दावा करता येतो. प्रमाणपत्राचा उपयोग पुराव्यासाठी. उद्या भांडण झालं तर रजिस्टरमधली नोंद प्रथमदर्शनी खरी धरली जाते आणि ती खोटी आहे हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर येते.

माझ्याकडे ते प्रमाणपत्र नव्हतं. माझी एक एकांकिका दुसऱ्या शहरातल्या एका संघानं नाव बदलून केली. मला कळलं ते एका मैत्रिणीनं प्रेक्षागृहातून पाठवलेल्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून. त्यातली म्हातारी म्हणत होती, "दिव्याला जेवायला घाल गं." समईत तेल घालायला माझी आजी हेच म्हणायची, आमच्या घराबाहेर मी ते कधी ऐकलेलं नाही. पात्रांची नावं बदलली होती, आजी तशीच राहिली होती! मला तारलं ते सेन्सॉरनं. आम्ही तिकीट लावून प्रयोग करणार होतो म्हणून संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली होती. त्या शिक्क्याच्या प्रतीवर माझं नाव आणि तारीख होती. तिचा फोटो पाठवला, दोन दिवसांत माफीचं पत्र आलं. मानधन मात्र आलं नाही, आणि पाचशे रुपये वाचवल्याची हळहळ मला अजून आहे.

त्यानंतर पुढची संहिता नोंदवली. कॉपीराइट डॉट जीओव्ही डॉट इनवर खातं उघडायचं, फॉर्म चौदा भरायचा, त्यातले तपशिलाचे दोन तक्ते भरायचे, सही आणि संहितेची पीडीएफ चढवायची, पैसे भरायचे. वर्ग 'साहित्य / नाट्य' असा निवडा. डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो. मग ३० दिवस कोणाची हरकत येते का याची वाट पाहतात, नंतर परीक्षक अर्ज तपासतो. कार्यालय दिल्लीत द्वारकेला आहे, पण पुण्यातून जायची गरज पडत नाही. माझ्या अर्जात त्रुटी निघाली ती मीच केलेली: शीर्षकात एका ठिकाणी 'आणि', दुसरीकडे 'व'. तेवढ्यावरून पत्र आलं. तेव्हा शीर्षक सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं ठेवा. प्रमाणपत्राला महिने लागतात. स्पर्धेच्या तारखेआधी ते हातात पडेल ही आशा सोडा.

आता तुम्ही न विचारलेला, पण मला जास्त महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. संहिता तुमच्या एकट्याची आहे ना? आपल्याकडे निम्मी एकांकिका तालमीत लिहिली जाते. दिग्दर्शक शेवट फिरवतो, कोणीतरी पोरगं एक भन्नाट वाक्य टाकतं आणि ते राहतं. एखाद्या वाक्यानं कोणी सहलेखक होत नाही, पण दोन प्रवेश दुसऱ्यानं लिहिले असतील तर अर्जात त्याचंही नाव घाला. नाहीतर त्याचं ना हरकत पत्र घ्या, तेही करंडक मिळायच्या आधी. नंतर सगळ्यांनाच आपण लेखक असल्याचं आठवतं.

कल्पना आणि शीर्षक यांना कॉपीराइट नाही. 'लिफ्टमध्ये अडकलेले दोघं' ही कल्पना कोणीही वापरू शकतं. तुम्ही ती ज्या प्रसंगांतून, ज्या संवादांतून मांडलीत, ते तुमचं.

कॉलेजला देताना व्हॉट्सॲपवर 'करा रे' म्हणू नका. अर्ध्या पानाचं पत्र करा: कुठली स्पर्धा, किती प्रयोग, मानधन किती, लेखकाचं नाव आणि शीर्षक बदलायचं नाही. ही परवानगी झाली. छापील मसुद्यात 'सर्व हक्क हस्तांतरित' असं दिसलं तर सही करू नका. अशा करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि तेवढ्या काळात स्वतःचीच एकांकिका करायला तुम्हाला त्यांची परवानगी घ्यावी लागेल.

संहिता स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर करून पाकीट न फोडता ठेवायचा सल्ला तुम्हाला कट्ट्यावर मिळेलच. पाकीट उघडं पाठवून नंतरही चिकटवता येतं, त्यामुळे वकील त्याला फार किंमत देत नाहीत. शिवाय रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय. त्यापेक्षा पहिला खर्डा स्वतःला ईमेल करा, आणि पुढचा प्रत्येक खर्डाही.

तालीम पुढच्या आठवड्यात असेल तर आजच अर्ज भरा आणि डायरी नंबर पहिल्या पानावर, तुमच्या नावाखाली टाकून मगच संहिता झेरॉक्सला द्या. 'नोंदणीकृत' मात्र लिहू नका, ते प्रमाणपत्र आल्यावर.