‘आमची मुलगी फोटोत येतच नाही हो’

समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य हल्ली इतक्यांदा ऐकते की, समोरची आई खुर्चीत टेकायच्या आत मला पुढचं ऐकू येतं. लहानपणी कॅमेरा दिसला की धावत यायची, आता तोंड फिरवते. कॉम्प्लेक्स आला असेल का? कुणी मुलगा तर नाही ना? एका घराची गोष्ट सांगते. बऱ्याच जणींना आपलं उत्तर त्यात सापडेल. नावं, खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

रेवा नववीत. आजीच्या पंचाहत्तरीला सगळ्या गोतावळ्याचा ग्रुप फोटो निघाला आणि ऐन वेळी ही पाठमोरी झाली. आत्याने सगळ्यांदेखत विचारलं, “हिला काय झालंय?” दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा मला फोन.

पहिली भेट मी वाया घालवली. चेहऱ्यावर मुरुमं होती, मी त्यांच्याच मागे लागले. रेवाने ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ यावर तासभर निभावून नेलं. दुसऱ्या खेपेला ती उठता उठता सहज विचारलं, “स्वतःचे फोटो आवडतच नाहीत का गं तुला?”

“आवडतात की. फोनमध्ये चारशे तरी असतील.”

“मग?”

“ते माझ्याकडे असतात ना.”

हे ऐकलं आणि मुरुमांचं पान मी वहीतून खोडलं.

हळूहळू निघालं ते असं. ती सातवीत असताना वर्गातल्या कुणीतरी आईचं फेसबुक खणून काढलं. त्यात २०१३ सालचा फोटो: दोन वर्षांची रेवा पॉटीवर बसलेली, रडून लालेलाल, खाली आईने लिहिलेली गमतीची ओळ. मुलांनी त्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर केलं. वर्गाच्या ग्रुपवर कुणाचे मार्क कमी आले, कुणी रडलं, की हेच स्टिकर. दीड वर्ष चाललं होतं.

“आईला का नाही सांगितलंस?”

“ती म्हणाली असती, अगं किती गोड दिसतेस त्यात.”

रेवाला विचारूनच पुढच्या वेळी दोघींना एकत्र बसवलं. रेवाने खाली मान घालून सगळं सांगितलं. आई हसली. “कुठला, तो पॉटीवरचा? अगं, पण त्यात तू किती गो...”

शब्द तिथेच अडकला. रेवाने फक्त माझ्याकडे पाहिलं. आईनेही ते पाहिलं आणि ओढणीचं टोक तोंडावर धरलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला इतक्या वर्षांनी कुठे जमायला लागलंय.

आईला घरचा अभ्यास दिला: माहेरचा अल्बम घेऊन या. त्या मिरजेहून घेऊन आल्या. काळ्या जाड पानांचा, मध्ये बटरपेपर, फोटो चार कोपऱ्यांत अडकवलेले. एका फोटोत त्या स्वतः वर्षाच्या, उघड्या, घंगाळात बसलेल्या. मागे वडिलांच्या अक्षरात ‘मिरज, १९८६’.

“हा किती जणांनी पाहिला असेल?”

“घरातले, आत्या, मावश्या... वीसपंचवीस.” मग एकदम आठवून त्या म्हणाल्या, “आणि मला बघायला येणार होते ना, तेव्हा मीच हा काढून उशीखाली लपवला होता.”

रेवाने मान वर केली. “तुला लपवता आला.”

त्या दिवसाचं माझं काम तिथेच संपलं होतं. त्या काळी कॅमेऱ्याच्या रोलमध्ये ३६ फोटो, धुऊन यायला आठवडा, मग तो अल्बम कपाटात. दाखवायचा तर घरातलं कुणीतरी शेजारी बसून पान उलटायचं, नको ते पान दोन बोटांत धरून पुढे जायचं. ते शेजारी बसणारं माणूस आता उरलं नाही. फोटो एकटाच फिरतो. आईचं कौतुक त्याच्याबरोबर जात नाही, नुसतं चित्र जातं.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी. ‘असंच व्हायला हवं’ या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं तो सांगायचा. माणूस बोलत असताना त्याच्या वाक्यांतले ‘च’ मोजते. रेवाची आई म्हणत होती, “वाढदिवसाला फोटो टाकायलाच हवा, नाहीतर लोक म्हणतील मुलीचं काही कौतुकच नाही.” टाकावासा वाटणं अगदी साहजिक. तो ‘च’ मात्र लोकांच्या भीतीचा. तो निघाला, तशी त्यांना लेक पहिल्यांदा नीट दिसली. तिला कॉम्प्लेक्स नव्हता. आपलं चित्र कुठे जाईल हे तिला ठरवायचं होतं. या वयात ते हवंसं वाटणं मला तरी शहाणपणाचं लक्षण वाटतं.

आता तुमच्यासाठी. मूल बोलायला लागलं की फोटो टाकण्याआधी विचारायला सुरुवात करा. चार वर्षांचं मूलही ‘हा नको’ सांगतं. आंघोळीचे, आजारपणाचे, रडतानाचे फोटो कितीही गोड असोत, बाहेर नकोत. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला दिसत असेल तर तोही नको. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस २४ तासांत जातं म्हणून निर्धास्त राहू नका, स्क्रीनशॉट घेतला तर तुम्हाला कळतही नाही. कोण पाहू शकतं हे सेटिंगमध्ये निवडता येतं, तेवढे पाच मिनिटं काढा. आजी-आजोबांना दटावू नका, त्यांना फोटो छापून द्या. फोटोशी छेडछाड करून कुणी त्रास देत असेल तर cybercrime.gov.in या सरकारी सायबर पोर्टलवर कळवा, आणि ‘तूच कशाला टाकलास’ हा प्रश्न मुलाला विचारू नका.

कायद्याची वाट पाहायची तर, २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांची माहिती वापरायला कंपन्यांनी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. पण आईनेच घरगुती हौसेने टाकलेला फोटो त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे राखणदार आपणच, आणि बऱ्याचदा कुंपणही आपणच.

रेवा आणि आई चार रविवार फेसबुक घेऊन बसल्या. रेवाने सगळं पुसायला लावलं नाही, याचं आईला नवल वाटलं. गणपतीतला नऊवारीतला फोटो तिने राहू दिला. पॉटीवरचा गेला. कुणाकुणाच्या फोनमध्ये ते स्टिकर अजून असेलच; त्याचं काय करायचं यावर आम्ही वेगळे दोन तास घालवले.

दिवाळीत आईचा मेसेज आला: ‘मॅडम, पाडव्याला फोटो काढला. रेवा मधोमध उभी आहे. तुम्हाला पाठवू का, असं तिला विचारलं. नको म्हणाली.’