पुणे, मुंबई की कोल्हापूर? एम.एस्सी.ला वजन कुणाच्या डिग्रीला?

सोलापूरच्या एका दादांचा प्रश्न आहे. मुलगी दयानंद कॉलेजातून बी.एस्सी. फिजिक्स झाली, ते स्वतःही तिथलेच. एम.एस्सी.ला पुणे, मुंबई आणि कोल्हापूर, तिन्हीकडे नंबर लागायची शक्यता आहे. घरात वाद चाललाय की नाव कुणाचं मोठं.

दादा, आधी तुमच्या दयानंदचंच घ्या. १९४० साली कॉलेज सुरू झालं तेव्हा डिग्री मुंबई विद्यापीठाची मिळायची. १९४९मध्ये पुणे विद्यापीठ निघालं, मग पुण्याची. १९६२मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, मग त्यांची. तुमची मार्कलिस्ट तीच असणार. २००४पासून सोलापूर विद्यापीठ, म्हणून लेकीची सोलापूरची. कॉलेज एकच, शिक्के चार. मग तुमची बी.एस्सी. भारी की तिची?

पुण्यातही वेगळं नाही. फर्ग्युसन १८८५चं, म्हणजे पहिली चौसष्ट वर्षं ते मुंबई विद्यापीठाचंच कॉलेज. माझ्या आजोबांचं बी.ए.चं सर्टिफिकेट अजून आमच्या जुन्या घरात फ्रेममध्ये आहे, त्यावर बॉम्बे छापलंय. शिक्षणासाठी ते कधी खंडाळ्याचा घाट उतरले नाहीत. आमच्याकडची मंडळी पुणे श्रेष्ठ म्हणून तावातावानं भांडायला लागली की मी त्या फ्रेमकडे बोट दाखवते.

मुंबई १८५७चं, रानडे आणि भांडारकर त्याच्या पहिल्या पदवीधरांतले, त्याचा मान आहेच. पण तुमच्या लेकीचे वर्ग राजाबाई टॉवरखाली भरणार नाहीत, कालिन्याला भरतील. शिवाय जुन्या विद्यापीठांचं नाव ज्यांनी मोठं केलं त्यातली बरीच मंडळी आता वेगळी राहतात. माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञानाची संस्था, १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालं, २००८मध्ये आयसीटी या नावानं अभिमत विद्यापीठ होऊन बाहेर पडलं. आमचं सीओईपी, म्हणजे पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, १८५४चं, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षाही वयानं थोरलं. २०२२मध्ये ते स्वतःच विद्यापीठ झालं. नागपूरचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थाही, २०२३मध्ये त्याच वाटेनं गेलं. एकत्र कुटुंबातली कमावती पोरं वेगळी निघावीत तसं झालंय. वाड्यावरची पाटी मात्र जुनीच.

आता मुद्द्याचं. ‘पुणे युनिव्हर्सिटीचा’ म्हणजे दोन वेगळे विद्यार्थी असतात. एक गणेशखिंडीच्या कॅम्पसवर डिपार्टमेंटला शिकलेला. दुसरा पुणे, नगर किंवा नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या संलग्न कॉलेजात. कॉलेज चांगलंही असतं, नाही असं नाही, पण डिग्रीवर वरचं नाव दोघांच्याही एकच.

मी बरीच वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवलं आणि सीएचबीच्या, म्हणजे तासांवर नेमायच्या शिक्षकांच्या, मुलाखती घ्यायला बसले. एकदा लागोपाठ दोन मुलं आली, दोघांची एम.एस्सी. पुण्याचीच, टक्केही जवळपास सारखे. मी विचारलं, ऑसिलोस्कोपवर सिग्नल स्थिर दिसत नसेल तर काय कराल? एकानं खुर्चीत बसल्या बसल्या हवेत बटण फिरवून दाखवलं, ट्रिगर लेव्हल बघतो म्हणाला. दुसरा जरा थांबला आणि म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे एकच होता, सर दाखवायचे, आम्ही वहीत काढायचो.” पोरगा खोटं बोलला नाही, त्याचं मला अजून कौतुक आहे. दुसरा कुठल्या कॉलेजचा हे सांगत नाही. तशी कॉलेजं तिन्ही विद्यापीठांत सापडतील.

म्हणून आधी एवढं बघा की जागा डिपार्टमेंटला मिळतेय की संलग्न कॉलेजला. डिपार्टमेंटला मिळत असेल तर फिजिक्ससाठी मी पुण्याला झुकतं माप देईन, आणि त्याचं कारण विद्यापीठाच्या थोडं बाहेरचं आहे. कॅम्पसवरच आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, नारळीकरांनी १९८८मध्ये उभी केलेली. शेजारी एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था, नारायणगावजवळची मोठी रेडिओ दुर्बीण चालवणारी. दोन्ही विद्यापीठाच्या मालकीच्या नाहीत. पण रिफेक्टरीत, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनगृहात, जेवून चालत जाऊन तिथलं व्याख्यान ऐकता येतं, आणि धिटाई असेल तर एखादा प्रोजेक्टही मागता येतो. तिला मटेरियल सायन्स, थिन फिल्म यांची गोडी असेल तर मात्र कोल्हापूरला दुय्यम समजू नका. त्या कामात शिवाजीचं नाव जुनं आहे, आणि २०२१मध्ये नॅकची, म्हणजे विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, ए प्लस प्लस ही सर्वोच्च श्रेणी मुंबईबरोबर त्यांनाही मिळाली. शिवाय कोल्हापुरात राहणं-खाणं स्वस्त, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

मुंबईबद्दल माझी एकच कुरकुर. कालिन्याला शिकायचं आणि हॉस्टेल मिळालं नाही तर लोकलमध्ये रोजचे दोन-तीन तास जातात, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी ते फार जाणवतात. बाकी टीआयएफआर, म्हणजे टाटांची मूलभूत संशोधनाची संस्था, त्याच शहरात आहे, ओढ असलेल्या मुलीला तेही कमी नाही.

घरच्या वादात रँकिंगही निघालं असेलच. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगमधल्या विद्यापीठांच्या यादीत पुणे २०२२ला १२वं होतं, २०२३ला १९वं, २०२४ला २३वं, आणि २०२५ला एकदम पन्नाशीच्या पलीकडे. एका वर्षात कुणी प्रयोगशाळा उचलून नेल्या नाहीत. पण त्या गणितात विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती हे मोजतात. आमच्याकडे प्राध्यापक निवृत्त होतात आणि जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, हे दुखणं खरं आहे आणि राज्यातल्या सगळ्याच सरकारी विद्यापीठांना आहे. म्हणून यादीतला नंबर सोडा, त्या विभागात कायम प्राध्यापक किती उरलेत ते विचारा.

फॉर्म भरण्याआधी लेकीला घेऊन एखाद्या मंगळवारी-बुधवारी अकराच्या सुमाराला या. कुलकर्णी-जोशी कुणाची ओळख लागत नाही. डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमधल्या पाटीवरची नावं वाचा आणि त्यातल्या किती खोल्यांना कुलूप आहे ते मोजा. मग लॅबबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा, एका सेटअपवर कितीजणी असता? हेच कोल्हापूरला जाऊनही करा. विचारायचं मात्र लेकीनं, तुम्ही जरा लांब चहा घेत थांबा. वडील समोर असले की पोरी सगळं छान आहे असंच सांगतात.