मुंबईत फ्लॅटच्या खिडकीतून कबुतरांखेरीज पक्षी-प्राणी बघायचे असतील तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीत तिसऱ्या मजल्यावर राहता, खिडकीसमोर चार-पाच मोठी झाडं आहेत, ग्रिलमध्ये ज्वारी-बाजरी टाकली की फक्त कबुतरं येतात आणि खालच्या मजल्यावरचे लोक घाणीवरून भांडायला येतात. मग काय ठेवावं, काय लावावं आणि दुर्बीण घ्यावी का?

दाणे आजपासून बंद करा. दयाळ, शिंजीर (फुलातला मध पिणारा चिमुकला सूर्यपक्षी), तांबट, बुलबुल, शिंपी (पानं शिवून घरटं करणारा), कोकीळ, हळद्या हे मुंबईच्या झाडांवरचे बघण्यासारखे पक्षी. यातला एकही सुकं धान्य खायला खिडकीत येत नाही. त्यांचं पोट फळं, मध आणि किड्यांवर भरतं. धान्य टाकलं की ते कबुतरांच्याच पोटात जातं. कबुतर बाराही महिने अंडी घालतं, एका वेळी दोन, आणि सतरा-अठरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. खाणं आयतं मिळालं की एसीच्या मागे घरटी वाढत जातात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात गेली तर काही जणांना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो, म्हणून खालचे लोक भांडतात ते उगाच नाही. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली गेली त्यामागेही हेच कारण होतं. दाणे थांबवल्यावर काही दिवस कबुतरं सवयीने येऊन बसतील, मग पांगतील. साचलेली विष्ठा कोरड्या झाडूने झाडू नका. नाकाला मास्क लावा, आधी पाणी मारून ती भिजवा, मग खरवडून काढा.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या समोर चार-पाच मोठी झाडं आहेत म्हणताय, तर पक्ष्यांना खिडकीत बोलावण्याची खटपट करायचीच गरज नाही. त्या झाडांची नावं शोधून काढा. कोणतं झाड कधी फुलतं आणि कधी फळतं हे कळलं, की कोणता पक्षी कधी येणार हे जवळजवळ सांगता येतं.

काटेसावर, पांगारा किंवा पळस असेल तर तुम्ही नशीबवान. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत हे निष्पर्ण होऊन फुलतात. पानं नसल्यामुळे पक्षी झाकले जात नाहीत. सकाळी भोरड्यांचा (साळुंकीच्या कुळातल्या गुलाबी-काळ्या पक्ष्यांचा) थवाच्या थवा उतरतो, साळुंक्या, बुलबुल, कावळे, कोतवाल सगळे फुलात चोच घालून बसतात, आणि खारीसुद्धा मधासाठी फुलं कुरतडतात. उंबर, पिंपळ, वड यातलं काही असेल तर फळं पिकण्यावर लक्ष ठेवा. एका झाडाची फळं बहुतेक एकदम पिकतात, आठ-दहा दिवस जत्रा असते आणि मग झाड पुन्हा शांत. तेवढ्या दिवसांत तांबट, कोकीळ, हळद्या (हिवाळ्यात) आणि हरियाल, म्हणजे आपल्या राज्याचा पक्षी, यातलं काहीही दिसू शकतं. बोरिवली, मुलुंड, आरेच्या बाजूला राखी धनेशही येतो. सिंगापूर चेरीचं झाड लोक किरकोळ समजतात, पण तिला जवळजवळ वर्षभर फळं असतात. पानांत सतत हलणारा अंगठ्याएवढा पक्षी दिसला तर तो बहुधा फुलटोच्या.

गुलमोहर आणि सोनमोहर यांच्याकडून फळांची अपेक्षा नको. मात्र सोनमोहराच्या शेंगा पोपट सोलून खातात, आणि गुलमोहराचं लाकूड मऊ असल्याने त्याच्या वाळक्या फांदीत तांबट ढोली कोरतो. भोक साधारण दोन इंचांचं, अगदी गोल आणि फांदीच्या खालच्या बाजूला असतं, त्यामुळे पावसाचं पाणी आत जात नाही. उन्हाळ्यात दुपारी जो ‘टुक, टुक, टुक’ असा एकसुरी आवाज येतो तो याचाच. बोलताना तो मान फिरवतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. शोधायचा तर झाडाच्या शेंड्याची वाळकी फांदी बघा: हिरवं अंग, कपाळावर लाल ठिपका, डोळ्याभोवती पिवळं.

इथे एक विनंती. पावसाळ्याआधी सोसायट्या फांद्या छाटतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ढोल्यांमध्ये पिल्लं असतात. धोकादायक फांदी तोडावीच लागते, पण छाटणीला महापालिकेची परवानगी लागते. तो अर्ज जाण्याआधी भोक असलेल्या फांद्यांचे फोटो सेक्रेटरींना दाखवा आणि जी फांदी रस्त्यावर किंवा गाड्यांवर येत नाही ती पावसाळ्यानंतर छाटायला सांगा. बहुतेक ठिकाणी ऐकतात, कोणी सांगतच नाही हा खरा प्रश्न आहे.

वेळेचं म्हणाल तर सूर्योदयानंतरचा पहिला दीड तास आणि संध्याकाळी पाचनंतरचा. मुंबईत सूर्य मेअखेरीस सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासात होतात. दयाळ मात्र मार्चपासून उजाडायच्या आधीच गायला लागतो. अँटेना किंवा टाकीच्या टोकावर बसलेला काळा-पांढरा, शेपटी उभी करणारा पक्षी म्हणजे तो. अकरा ते तीन या वेळात खिडकीत ताटकळून निराश होऊ नका. तेव्हा आकाशात घारी बघा.

नजरेपेक्षा कान जास्त उपयोगी. विशेषतः खारीचा आवाज ऐका. खार एका जागी बसून, शेपटी झटकत ‘चिक-चिक-चिक’ असं न थांबता ओरडू लागली, तिच्यासोबत बुलबुल आणि कावळेही कलकलाट करू लागले आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला असली, की हातातलं काम टाकून तिथे बघा. तिथे शिक्रा (लहान शिकारी पक्षी), घुबड, मांजर किंवा साप यातलं काहीतरी बहुधा असतं. पानांत निश्चल बसलेलं घुबड एरवी कधी दिसलंच नसतं, ते कावळे दाखवून देतात.

मोबाइलवर मर्लिन नावाचं मोफत अॅप घ्या. ते आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. भारताचा पक्षीसंच आधी डाउनलोड करावा लागतो. हॉर्न आणि मिक्सरच्या आवाजात ते गडबडतं, त्यामुळे त्याने सुचवलेलं नाव प्रत्यक्ष पक्षी दिसेपर्यंत अंदाजच समजा.

खिडकीत ठेवायचंच असेल तर पाणी ठेवा. आठ-दहा इंच रुंद, खरबरीत मातीची पसरट थाळी, पाणी दीड इंचापेक्षा खोल नको, मध्ये एक चपटा दगड, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतो. गुळगुळीत प्लास्टिकवर त्यांचे पाय घसरतात. थाळी ग्रिलच्या आत तारेने घट्ट बांधा, तिसऱ्या मजल्यावरून ती कोणाच्या डोक्यात पडता कामा नये. पाणी रोज बदलायचं, आणि नुसतं ओतून देऊन भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी टिकतात. दर दोन-तीन दिवसांनी काथ्याने कडा घासा. कावळे सुकी पोळी, माशाचा काटा, कधी हाडूक आणून थाळीत भिजवतात. ते बघायला मजा येते, पण उन्हाळ्यात ते पाणी दुपारपर्यंत आंबतं, मग बाकीचे पक्षी तोंड लावत नाहीत. कबुतरं थाळीवर ठाण मांडत असतील तर लहान थाळी टांगती करा, हलत्या अरुंद जागेवर त्यांना सहसा नीट बसता येत नाही.

शिंजीर आणि शिंपी यांना थाळीपेक्षा ओली पानं आवडतात. एप्रिल-मेमध्ये चारच्या सुमारास कुंड्यांवर फवारा मारा, ते पानांवरच्या थेंबांत अंग घासून आंघोळ करतात.

कुंड्यांत काय लावायचं हे ऊन किती येतं त्यावर ठरतं. चार तास थेट ऊन असेल तर पहिलं रोप हॅमेलिया. बारा-चौदा इंची कुंडीत छान वाढतं, नारिंगी नळीसारखी फुलं मुंबईत जवळजवळ वर्षभर येतात, त्यांचा मध शिंजीर पितो आणि नंतर येणारी काळी फळं बुलबुल खातात. सोबत एकेरी पाकळ्यांची जास्वंद. गेंदेदार जास्वंद घेऊ नका, तिच्या पाकळ्यांच्या गर्दीत मधापर्यंत पोचणं अवघड जातं. एकेरीतही शिंजीर बऱ्याचदा समोरून न जाता फुलाच्या बुडाला चोचीने भोक पाडतो. तशी भोकं दिसली तर ती कीड समजून औषध मारू नका. जास्वंदीवर पांढरा ढेकण्या पडतोच, त्याला पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचं सौम्य पाणी पुरतं. झाडाच्या रसात भिनणारी कीटकनाशकं तर अजिबात नकोत, ती मधातही उतरतात. साखरपाण्याच्या बाटल्याही टांगू नका. मुंबईच्या दमट हवेत ते लगेच आंबतं, मुंग्या लागतात, आणि शिंजीर पिल्लांना वाढवतो ते किड्यांवर.

कढीपत्त्याची एक कुंडी ठेवा. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नका, ती फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते आणि महिन्याभरात फुलपाखरू बाहेर येतं. फोडणीपुरती पानं दोघांनाही पुरतात.

ऊन येतच नसेल तर फुलझाडांवर पैसे घालवू नका, पाणी आणि समोरची झाडं पुरे आहेत.

शिंजीर घरटं बांधायला कपड्याची दोरी, वायर, टांगती कुंडी निवडतो. कोळ्याच्या जाळ्यात काटक्या, सालीचे तुकडे, अळीची विष्ठा चिकटवून केलेली लांबट पिशवी, वरवर कचऱ्याचं लोंबतं जाळं वाटते. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत ती फेकली जाते. बाजूला छोटं दार आणि त्यावर छज्जा दिसला की हात आवरा. अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना जातो. तेवढे दिवस दोरी हलवू नका, जवळून फोटो काढू नका, आणि पक्षी खोलीत येत असेल तर पंखा बंद ठेवा.

चिमण्यांना घरट्यासाठी टांगतात त्या पेट्यांबद्दल थोडक्यात: आसपास चिमण्या असतील तरच लावा. भोक 32 मिलिमीटरचं, जागा सावलीची, मांजर पोचणार नाही अशी. भोक मोठं असलं तर साळुंकी पेटी बळकावते.

कबुतरांसाठी जाळी लावणार असाल तर ती सगळीकडून ताणून बसवून घ्या. सैल जाळीत घारी, घुबडं, पोपट अडकून तडफडतात. फाटली की त्याच आठवड्यात शिवा.

रात्रीही बघण्यासारखं असतं. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात मोठी वटवाघळं एकेक करून निघतात. पावसाळ्यात आसुपालवाची आणि बदामाची फळं खायला ती येतात, गाडीवर चघळलेले चोथे आणि बिया पडल्या असतील तर ते त्यांचंच काम. किंचाळल्यासारखा घोगरा आवाज गव्हाणी घुबडाचा. तो अशुभ वगैरे काही नाही, उलट ते घुबड तुमच्या इमारतीतले उंदीर कमी करतं. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे उठले की घरातला दिवा बंद करून बाहेर बघा. संध्याकाळच्या उजेडात कावळे, घारी आणि कोतवाल हवेतच ते पकडतात, अंधार पडल्यावर लहान वटवाघळं.

एप्रिल ते जून कावळा डोक्यावर झडप घालत असेल तर वर घरटं किंवा खाली पडलेलं पिल्लू आहे. काही आठवडे तिथून छत्री उघडून जा. पिसं फुटलेलं पिल्लू घरी न नेता जवळच्या फांदीवर ठेवा, आई-बाप त्याला तिथेच भरवतात. खरंच जखमी पक्षी असेल, विशेषतः संक्रांतीच्या मांज्याने कापलेला, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलला न्या. साप, माकड, बिबट्या यांच्यासाठी वनविभागाचा 1926 हा हेल्पलाइन नंबर. आरेच्या जवळ असाल तर कचऱ्याचे ढीग साठू देऊ नका. कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

दुर्बीण घ्या, पण महिनाभर नुसत्या डोळ्यांनी बघितल्यावर. 8×42 (8 पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं 42 मिलिमीटरची) पुरे. 10 पट वाढवणारी घेतली तर हाताचा थरथराटही तितकाच वाढतो आणि दिसणारं क्षेत्र कमी होतं, पानांत हलणारा शिंपी सापडेपर्यंत उडून जातो. दोन मीटरवरचं स्पष्ट दिसतं का हे दुकानातच तपासा, म्हणजे कुंडीवरचं फुलपाखरूही बघता येईल. दुर्बीण लावताना समोरच्या इमारतीच्या खिडक्यांकडे रोख जाणार नाही असं उभं राहा.

समोरच्या झाडांच्या खोडाचे आणि पानांचे फोटो इथे टाकलेत तर कोणत्या महिन्यात कोण येईल ते झाडागणिक सांगतो.